पाच व्होल्टची जागल

बुलढाणा जिल्ह्यात रब्बीच्या दिवसांत विजेचा दाब मोटरपंपांच्या तालावर वरखाली होतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची वेळ आणि शेतीच्या लाइनला थ्री-फेजची पाळी जुळून आली की एकाच डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) मोटारी धडाधड सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसते. पाळी संपून मोटारी थांबल्या की तेच व्होल्टेज उसळी मारते. पंख्याचा वेग बदलतो, फ्रिजचा स्टॅबिलायझर कटकट करतो, पण घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की कुणी मान वर करून पाहत नाही. त्या घरात एखादा हौशी रेडिओवाला, म्हणजे ‘हॅम’, असेल आणि त्याच्या टेबलावर व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असेल, तर मात्र तो मान वर करतोच. व्होल्टेज दहा-पंधराने चढले, तर त्याच्या व्हॉल्व्हचे कितीतरी तास त्या एका रात्रीत खर्ची पडतात.

व्हॉल्व्ह म्हटले की जुन्या पिढीला घरातला लाकडी खोक्याचा रेडिओ आठवतो. बटण फिरवल्यावर अर्धा-एक मिनिट काहीच ऐकू यायचे नाही, मग मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसायचा आणि हळूहळू आवाज उमटायचा. ट्रान्झिस्टर आला आणि हे व्हॉल्व्ह घरांतून गेले. हॅम लोकांच्या अॅम्प्लिफायरमध्ये मात्र ते अजून टिकून आहेत. या अॅम्प्लिफायरला त्यांच्या बोलीत नुसते ‘लिनिअर’ म्हणतात. रेडिओ संचातून निघालेल्या पन्नास-शंभर वॅटच्या लहरींना तो काही पट बळ देतो आणि मग त्या अँटेनाकडे जातात.

भारतात हा छंद परवान्याशिवाय करता येत नाही. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही तिला बसता येते. पास झाल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम (कॉल साइन) मिळते. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीच्या परवान्याला ५० वॅटची मर्यादा आहे, तर वरच्या ‘जनरल’ श्रेणीला ४०० वॅटपर्यंत जाता येते. म्हणजे लिनिअर ही या वरच्या श्रेणीच्या लोकांची चैन. चैन असे मुद्दामच म्हटले आहे. आपत्तीच्या वेळी हॅम जे काम करतात, उदाहरणार्थ ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांनी जे केले, त्याला लिनिअर लागत नाही. तिथे गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा संच आणि झाडाला बांधलेली तार उपयोगी पडते. लिनिअर असतो तो मध्यरात्री ७ मेगाहर्ट्झच्या गर्दीतून ब्राझील किंवा कॅनडा गाठण्यासाठी.

मग ट्रान्झिस्टर सोडून व्हॉल्व्हच का? आता ट्रान्झिस्टरचेही उत्तम लिनिअर मिळतात, पण व्हॉल्व्ह चुका पोटात घालतो. वादळात अँटेनाची तार तुटली आणि सोडलेली शक्ती उलटी परत आली, तर संरक्षण नसलेला ट्रान्झिस्टर डोळ्याचे पाते लवायच्या आत जातो. व्हॉल्व्ह लाल होतो, तापतो, माणसाला हात हलवायला काही सेकंद देतो. शिवाय घरी जुळवाजुळव करणाऱ्याला त्याची रचना डोळ्यांना दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या लष्करी सामानातले ८०७ आणि ८१३ हे व्हॉल्व्ह हौशी मंडळींच्या हाती लागले आणि त्यांवर कित्येक वर्षे घरगुती प्रक्षेपक बनत राहिले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे अशा सामानाचे जुने ठिकाण. त्याही आधी, २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबरच्या अटकेपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ व्हॉल्व्हवरच बोलत होता, कारण तेव्हा दुसरे काही नव्हतेच.

आज लिनिअरमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या व्हॉल्व्हांपैकी एक म्हणजे ३-५००झेड. तो ‘आयमॅक’ कंपनीचा. बिल आयटेल आणि जॅक मॅककलो या दोन हॅमनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावी ही कंपनी काढली. बाजारात असलेल्या व्हॉल्व्हांवर त्यांचे समाधान होत नव्हते. आता या नावाचे व्हॉल्व्ह मुख्यतः चीनमधून येतात. किंमत, आयात, जकात आणि वाटेत काच फुटण्याची भीती हे सगळे धरले, तर खामगाव किंवा चिखलीत बसलेल्या माणसाला नवा व्हॉल्व्ह मागवण्यापेक्षा आहे तोच टिकवणे परवडते.

टिकवायचा म्हणजे नेमके काय टिकवायचे?

काचेच्या पोटात हवा काढून घेतलेली पोकळी असते. मधोमध फिलामेंट, म्हणजे तापणारी तार. तिच्याभोवती ग्रिड, म्हणजे बारीक जाळी. त्याबाहेर प्लेट. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, दोन-तीन हजार व्होल्टच्या प्लेटकडे झेपावतात, आणि वाटेतली जाळी त्यांना कमी-जास्त सोडते. सगळी करामत एवढीच. ३-५००झेडमधली तार टंगस्टनची असते आणि तिच्यात थोडे थोरियम ऑक्साइड मिसळलेले असते. तारेच्या वरच्या थरात कार्बन मुरवून टंगस्टन कार्बाइडचे कवच केलेले असते. सुमारे २,००० केल्विनला, म्हणजे साधारण १,७०० अंश सेल्सियसला, हा कार्बन थोरियम ऑक्साइडमधून शुद्ध थोरियम सोडवतो. ते तारेच्या पृष्ठभागावर येते आणि एका अणूइतका पातळ थर धरते. इलेक्ट्रॉन सोडतो तो हा थर. वापरात तो उडत राहतो आणि आतून भरत राहतो. ज्या दिवशी कार्बन संपतो त्या दिवशी भरणा थांबतो. तार तुटलेली नसते, दिव्यासारखी लख्ख पेटते, पण बाहेर शक्ती येत नाही.

म्हणजे व्हॉल्व्हचे आयुष्य हा कार्बनचा साठा आहे, आणि तो किती वेगाने संपेल हे तारेच्या तापमानावर ठरते. आयमॅकच्या तांत्रिक पुस्तिकेत याचा हिशेब दिलेला आहे. फिलामेंटचे व्होल्टेज ३ टक्के वाढले, तर तापमान सुमारे २० केल्विनने चढते, इलेक्ट्रॉनचा पुरवठा २० टक्के वाढतो आणि आयुष्य निम्मे होते. उलट दिशेनेही हिशेब तसाच चालतो, ३ टक्के कमी केले की आयुष्य दुप्पट. आता रात्री मोटारी बंद झाल्यावर २३० चे २४५ व्होल्ट झाले असे धरा. ही वाढ साडेसहा टक्क्यांची आहे. फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर ती जशीच्या तशी पुढे देतो, ३-५००झेडच्या तारेला लागणाऱ्या पाच व्होल्टचे सव्वापाच-साडेपाचच्या मधे कुठेतरी जातात, आणि तार आपला साठा चौपट वेगाने खर्च करू लागते. तेही हॅम बोलत असो वा नसो. फिलामेंट नुसते पेटते ठेवून चहा प्यायला उठले तरी मीटर चालूच.

पाच व्होल्ट मोजायचे, हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात हीच गोष्ट बहुतेकांकडून चुकते, म्हणून ती जवळून पाहण्यासारखी आहे. ३-५००झेडची तार साधारण साडेचौदा अँपिअर प्रवाह घेते. एवढ्या प्रवाहात वाटेवरचा एखादा सांधा एक शतांश ओहमचा असला तरी त्यावर जवळजवळ दीड दशांश व्होल्ट पडतो, म्हणजे पाच व्होल्टचे तीन टक्के, म्हणजे वरच्या हिशेबाने आयुष्याचा निम्मा-दुप्पट फरक. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. अॅम्प्लिफायर उलटा करून, सॉकेटच्या खालून, व्हॉल्व्हच्या पायांशीच मीटरच्या सुया टेकवाव्या लागतात. आणि ते करताना प्लेटच्या उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण सुटा असायला हवा, नुसते बटण बंद करून भागत नाही. उच्च दाबाचे कपॅसिटर बटण बंद केल्यावरही भरलेले राहतात, आणि दोन-तीन हजार व्होल्टचा झटका बसलेला माणूस पुन्हा सांगायला येत नाही. जाणकार प्लॅस्टिकच्या लांब दांड्याला तांब्याचा आकडा आणि अर्थिंगची तार जोडून ठेवतात, झाकण उघडले की आधी त्याने सगळी टोके जमिनीला टेकवतात, आणि एक हात खिशात ठेवून काम करतात.

मोजले आणि व्होल्टेज जास्त निघाले, तर इलाज स्वस्त आहे. फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल, तर त्याच्या २३० च्या बाजूला २२ ओहमचा, पाच वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर ओळीत लावला की साधारण सात व्होल्ट तिथे अडतात, म्हणजे तीन टक्के. ज्याला रोजच्या चढउताराशी सामना आहे त्याने छोटा डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, लावावा आणि मीटरकडे बघून हाताने फिरवावा. स्टॅबिलायझरही चालतो, पण फ्रिज-टीव्हीचे स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने बदलतात आणि त्यांचा एक टप्पा दहा-पंधरा व्होल्टचा असू शकतो. फ्रिजला त्याचे काही नाही. आपल्याला तीन टक्क्यांची काळजी आहे.

प्रसारण केंद्रांवर यापुढची पद्धत वापरतात. मोठ्या प्रक्षेपकाचा नवा व्हॉल्व्ह पहिले दोनशे तास पूर्ण व्होल्टेजवर चालवतात. मग बाहेर पडणारी शक्ती बघत व्होल्टेज हळूहळू उतरवतात. शक्ती घसरू लागली की थांबतात, दशांश-दोन दशांश व्होल्ट परत चढवतात आणि तिथे ठेवतात. दर तीन महिन्यांनी तपासणी होते. व्हॉल्व्ह म्हातारा झाला की थोडेथोडे वाढवत नेतात. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून एक हजार किलोवॅटवर सुरू झाली आणि रात्रभर देशभर ऐकू जाऊ लागली. अशा आकाराच्या प्रक्षेपकात एकेक व्हॉल्व्ह वाचणे म्हणजे केवढी बचत, हे सांगायला नको. घरगुती लिनिअरसाठी या पद्धतीचा अर्धाच भाग घ्यावा. ३-५००झेडला पाच टक्क्यांपलीकडे, म्हणजे ४.७५ व्होल्टच्या खाली, नेऊ नये. ४.८५ च्या आसपास स्थिर ठेवता आले, तर पुष्कळ झाले.

इथे एक धोका आहे. वरचे सगळे थोरियमच्या तारेला लागू पडते. काही व्हॉल्व्हांत तार वेगळी आणि इलेक्ट्रॉन सोडणारी कॅथोडची नळी वेगळी असते. त्या नळीवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढुरका लेप असतो. ८०७, ४सीएक्स२५०बी, ८८७७ हे या जातीचे. त्यांना कमी व्होल्टेज मानवत नाही. लेप पुरेसा तापला नसताना त्यातून प्रवाह ओढला, तर तो खराब होतो. जास्त तापवला, तर बेरियम उडून ग्रिडवर जाऊन बसते आणि मग ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडू लागते. त्यांचे व्होल्टेज जिथे सांगितले आहे तिथेच ठेवायचे. आणि थांबायचे. ४सीएक्स२५०बी तापायला निदान तीस सेकंद मागतो, ८८७७ तीन मिनिटे. थोरियमची तार मात्र दोन-चार क्षणांत तयार असते. एका जातीचा सल्ला दुसऱ्या जातीला लावून चांगले व्हॉल्व्ह घालवणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

आता उन्हाळा. जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांच्या बोलण्यात असतात, घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला सखल पट्टा, मे महिन्यात भट्टी. राजूर घाट चढून बुलढाण्याला आले की हवा बदलते, कारण गाव साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. व्हॉल्व्हला यातले कोणते मानवेल? वाटते तितके उत्तर सरळ नाही. व्हॉल्व्हला थंड करते ती पंख्याने ढकललेली हवा, आणि काम होते ते हवेच्या वजनाने. साडेसहाशे मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण सात टक्के विरळ. घाटाखाली ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्के विरळ. म्हणजे वजनाच्या हिशेबात दोन्हीकडे जवळपास सारखाच तोटा. घाटाखालचा खरा त्रास वेगळा आहे. ३-५००झेडच्या काचेतून धातूचे पाय जिथे बाहेर येतात, तिथला जोड २०० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये असे बनवणाऱ्यांचे बंधन आहे. आत येणारी हवाच वीस अंशांनी जास्त गरम असेल, तर तो जोडही तेवढाच जास्त तापतो. काच आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, जोडाला केसासारखी चीर जाते, पोकळीत हवा शिरते, आणि कार्बन शिल्लक असतानाच व्हॉल्व्हचा कारभार आटोपतो. तिथे मोठा ब्लोअर लावणे आणि भर दुपारी लांब गप्पा न मारणे हाच उपाय. ४० मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, पट्टा लांबच्या देशांसाठी रात्रीच उघडतो, हे त्यातल्या त्यात बरे.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात खोलीत कूलर असतोच. त्याचा झोत लिनिअरवर सोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. कूलरची हवा ओली असते आणि पाण्यातले क्षार बारीक धुरळ्यासारखे सोबत आणते. उच्च दाबाच्या भागांवर आधीच धूळ बसलेली असते. ओल आणि क्षार मिळाले की धुळीच्या थरातून वीज वाट काढते, ठिणगी पडते. खामगाव-मलकापूरसारख्या जिनिंग-प्रेसिंगच्या गावांत हंगामात हवेत रुईचे तंतू उडतात. ब्लोअरच्या जाळीवर आणि सिरॅमिक व्हॉल्व्हच्या पंख्यांसारख्या पातळ पात्यांत ते अडकतात, आणि पंखा फिरताना दिसतो पण हवा पुढे जात नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत महिन्यातून एकदा जाळी काढून झटकणे, इतके सोपे काम आहे.

लाइन जाण्याचा प्रश्न याहून नाजूक. भर बोलण्यात लाइट गेली की प्लेटचा दाब जातो, फिलामेंट विझते आणि ब्लोअरही थांबतो. प्लेट मात्र तापलेली असते, आणि तिची उष्णता आता त्या २०० अंशांच्या जोडांकडे उतरते. नेहमी बंद करताना दोन-तीन मिनिटे ब्लोअर चालू ठेवावा असे सांगतात, ते याचसाठी. ग्रामीण भागात बहुतेकांकडे आता घरी इन्व्हर्टर असतो. ब्लोअरची वायर तेवढी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावी, बाकीचा अॅम्प्लिफायर नको. खर्च जवळजवळ शून्य.

आणि लाइट परत आल्यावर? शेतकऱ्याच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की स्टार्टर पडतो आणि हाताने हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. रात्री-बेरात्री उठायला नको म्हणून लोक त्याला ऑटो स्विच बसवतात, मग वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळतो. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणून सांगत असते. लिनिअरच्या मुख्य लाइनला तसाच नो-व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर लावला, तर परतलेल्या विजेचा पहिला धसका व्हॉल्व्हला बसत नाही. थंड टंगस्टनचा विरोध तापलेल्यापेक्षा साधारण दहापट कमी असतो, म्हणून थंड तार क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते आणि तिला यांत्रिक हिसका बसतो. ऑक्साइडच्या जातीत तर लेप गार असताना प्लेटचा दाब चढतो. आधी ब्लोअर, मग फिलामेंट, मग थांबून प्लेट, आणि सगळ्यात शेवटी रेडिओकडून येणारा जोर, हा क्रम हाताने पाळायचा. हाताचा भरवसा नसेल, तर टायमर रिलेने.

व्हॉल्व्ह म्हातारपणाने जाण्याआधीच आणखी एका गोष्टीने जातो, ती म्हणजे ट्यूनिंग. अॅम्प्लिफायरच्या तोंडावर दोन मोठी बटणे असतात, एक प्लेटचे, एक लोडचे. ती फिरवून व्हॉल्व्ह अँटेनाशी जुळवावा लागतो. नवशिका पूर्ण शक्तीची शिट्टी चालू ठेवून मिनिटभर बटणे फिरवत बसतो, आणि तेवढ्या वेळात सगळी शक्ती उष्णता होऊन प्लेटवर पडते. लोड कमी राहिला, तर प्लेटकडे जायचे इलेक्ट्रॉन ग्रिडकडे वळतात. ग्रिड ही बारीक तारांची जाळी. तिला उष्णता सोसत नाही, ती वाकते आणि शेजारच्या तारेला टेकते. तिथे खेळ खलास. म्हणून अनुभवी माणसाचे डोळे बाहेर पडणाऱ्या वॅटच्या काट्यापेक्षा ग्रिडच्या मीटरवर जास्त असतात. तो आधी कमी जोराने, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी जोडलेल्या मोठ्या रेझिस्टरवर), चार-पाच सेकंदांच्या तुकड्यांत जुळवणी करतो आणि बटणांच्या जागा प्रत्येक पट्ट्यासाठी कागदावर लिहून ठेवतो. ग्रिडचा प्रवाह हद्दीबाहेर गेला की आपोआप सगळे पाडणारे सर्किट चार-दोन सुट्या भागांत होते, आणि ते नसलेला लिनिअर वापरू नये हे ठासून सांगितले पाहिजे.

बोलण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. माणूस बोलताना थांबतो, श्वास घेतो, शक्ती वरखाली होते. मोर्समध्येही ठिपके-रेघांमध्ये फट असते. २०१७ मध्ये आलेली एफटी-८ ही संगणकी पद्धत मात्र एकसुरी आहे. पंधरा सेकंदांच्या खेपेत १२.६४ सेकंद सलग पूर्ण शक्ती, मग एक खेप ऐकायची, पुन्हा तेच. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ८०७, ८११ए यांसारख्या व्हॉल्व्हांना दोन-दोन मर्यादा छापल्या होत्या, एक सतत चालणाऱ्या व्यावसायिक कामासाठी आणि एक मधूनमधून चालणाऱ्या हौशी कामासाठी, आणि दुसरी मोठी होती. एफटी-८ लावून बसलेला हॅम पहिल्या वर्गात मोडतो. त्याने शक्ती निम्म्यावर आणावी.

या बाबतीत भारतीय हॅमला कायद्यानेच वाचवले आहे. ३-५००झेडच्या प्लेटला ५०० वॅट उष्णता सोसते. ४०० वॅटच्या मर्यादेत चालवला, तर तिच्यावर पावणेतीनशेच्या आतच पडते. याच जातीचा व्हॉल्व्ह अमेरिकेत रगडला जातो, कारण तिथली मर्यादा १,५०० वॅट आहे. पण फार आरामातही एक मेख आहे. काचेतून, धातूतून सुटणारा उरलासुरला वायू शोषून घ्यायला या व्हॉल्व्हच्या प्लेटवरच झिर्कोनियमचा लेप दिलेला असतो, आणि तो काम करतो प्लेट मंद लाल झाल्यावर. कायम गार राहिलेल्या प्लेटवर तो झोपून राहतो, वायू साठतो आणि एके दिवशी आत कडाड् असा आवाज होऊन फ्यूज जातो. म्हणून अधूनमधून, डमी लोडवर, प्लेटला थोडा लाल रंग चढू द्यावा. लाल म्हणजे मंद लाल. नारिंगी नव्हे.

व्हॉल्व्ह किती टिकू शकतो याचे उत्तर समुद्राच्या तळाशी मिळाले आहे. १९५६ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली टेलिफोन केबल टाकली, तिच्या वाटेवर १०२ ठिकाणी आवाजाला बळ देणारी यंत्रे गुंफली होती आणि प्रत्येकात तीन व्हॉल्व्ह होते. एकूण ३०६. दुरुस्तीला वर काढायची सोय जवळजवळ नव्हतीच. १९७८ मध्ये केबल निवृत्त झाली तोपर्यंत त्यांतला एकही व्हॉल्व्ह गेला नव्हता. त्यांना मुद्दाम अगदी हलके काम दिले होते, वीज काटेकोर स्थिर होती, आणि ते बावीस वर्षांत बंद-चालू होत नव्हते. अमेरिकेतल्या १९४६ च्या एनिअॅक संगणकात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. ते जात ते बहुतेक बटण दाबताना आणि तापताना, म्हणून यंत्र बंदच करायचे नाही असे पुढे ठरवले गेले. घरचा हॅम अर्थातच लिनिअर रात्रंदिवस चालू ठेवू शकत नाही, आणि थोरियमच्या तारेत चालू राहणे हाही खर्चच आहे. तास-दीड तासाचा खंड असेल, तर फिलामेंट पेटते ठेवावे आणि त्याहून जास्त असेल, तर बंद करावे, असा जाणकारांचा मधला मार्ग आहे.

राहिला कपाटातला जादा व्हॉल्व्ह. नवा म्हणून जपून ठेवलेला, दहा वर्षांनी बाहेर काढलेला. त्याच्या पोटातही सूक्ष्म प्रमाणात वायू जमलेला असतो. थेट तीन हजार व्होल्ट दिले, तर पहिल्याच मिनिटाला आत ठिणगी पडू शकते. आधी नुसते फिलामेंट रात्रभर पेटते ठेवावे, मग कमी दाबाने, कमी शक्तीने सुरुवात करावी. प्लेटच्या लाइनमध्ये दहा ते पन्नास ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर असेल, तर ठिणगी पडलीच तरी भरलेल्या कपॅसिटरचा सगळा भार व्हॉल्व्हवर येत नाही. त्याहून बरे म्हणजे जादा व्हॉल्व्ह आणि चालता व्हॉल्व्ह सहा महिन्यांनी आलटून पालटून वापरणे, आणि बुडाला चिकटपट्टीवर तारीख लिहिणे. ३-५००झेड ठेवावा तो उभा. आडवा ठेवला आणि वापरलाही आडवा, तर तापलेली तार वजनाने झुकते आणि ग्रिडकडे सरकते.

इतके करूनही व्हॉल्व्ह गेलाच, तर काचेचा असल्यास कागदात गुंडाळून टाकता येतो, फक्त फोडू नये. आतल्या पोकळीमुळे काच जोरात उडते. सिरॅमिकचा असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा डेटाशीट वाचावा. काही व्हॉल्व्हांतले उष्णता वाहून नेणारे भाग बेरिलियम ऑक्साइडचे असतात, आणि हातोड्याने फुटल्यावर निघणारी त्याची भुकटी फुप्फुसात गेली की कायमचा आजार होतो. भंगारवाला आत तांबे किती आहे हे पाहायला पहिला घाव हातोड्याचाच घालतो.